दृष्टीआडचा सांधा

नगरांचा इतिहास सांगताना तट आणि बुरूज, देवळे आणि राजवाडे, पेठा आणि बंदरे यांचे वर्णन अगत्याने केले जाते. त्या मानाने घरातील शौचकूपाच्या वाट्याला इतिहासाची पाने फार थोडी येतात. आणि शौचकूपाचे भांडे ज्या सांध्याने जमिनीखालच्या नळीला जोडलेले असते, त्या सांध्याच्या वाट्याला तर एखादी ओळही येत नाही. हा सांधा जेमतेम वीतभर रुंदीचा असतो. भांडे एकदा बसविले की तो पुन्हा दिसत नाही. गवंडी आणि नळकारागीर यांच्याखेरीज त्याची आठवण कोणी ठेवीत नाही. असे असूनही गेल्या अडीचशे वर्षांत माणसाने शौचकूप परसाच्या कोपऱ्यातून उचलून घरात आणला, शयनगृहाशेजारी नेला आणि पुढे विसाव्या-तिसाव्या मजल्यावर चढविला, तो ह्याच सांध्याच्या भरवशावर. हा सांधा सुटला म्हणजे काय होते, आणि तो सुटल्याचे वेळीच कळले नाही म्हणजे काय ओढवते, ही कथा लंडनपासून मुंबईपर्यंत आणि मुंबईपासून हाँगकाँगपर्यंत पसरलेली आहे.

पाणी जमिनीत मुरू न देण्याची विद्या मात्र फार जुनी आहे, आणि तिचा एक देखणा पुरावा सिंधूच्या खोऱ्यात सापडला. मोहेंजोदडो येथे १९२५-२६ च्या उत्खननात जे महास्नानगृह उघडकीस आले, त्याचे कुंड सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल आहे. त्याच्या विटा जिप्समच्या चुन्यात एकमेकींना अगदी खेटून बसविलेल्या होत्या आणि त्यांच्यामागे डांबराचा थर दिलेला होता. त्या नगरातील साध्या घरांतूनही न्हाणीची जमीन घट्ट विटांची, उताराची आणि मोरीकडे कललेली आढळते. याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की रस्त्याच्या कडेने वाहणाऱ्या गटारांवर विटांची किंवा फरशीची झाकणे असत, आणि ती काढून आतील गाळ साफ करता येत असे. पाणी बांधून ठेवणाऱ्या त्या कारागिरांनी आपले काम पुन्हा उघडून पाहण्याची सोयही ठेवली होती. पुढील इतिहासात ह्या दुसऱ्या गोष्टीचा वारंवार विसर पडलेला दिसतो.

अर्वाचीन काळात ह्या प्रश्नाला निकड आली ती इंग्लंडात. कारण दाट वस्तीच्या आणि अनेक मजली घरांत पाण्याने धुतला जाणारा शौचकूप तेथे प्रथम मोठ्या प्रमाणावर शिरला. राणी एलिझाबेथच्या दरबारातील सर जॉन हॅरिंग्टन याने १५९६ मध्ये पाण्याच्या टाकीची आणि झडपेची योजना असलेल्या शौचकूपाचे वर्णन एका विनोदी ग्रंथात प्रसिद्ध केले. लोक हसले आणि विसरले. त्याच्या योजनेत एक मोठी उणीव होती. झडप जराशी उघडी राहिली तरी खालच्या कुंडातील दुर्गंधी थेट घरात येई.

ही उणीव दूर केली ती एका घड्याळजीने. लंडनच्या बाँड स्ट्रीटवरील अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये जे एकस्व मिळविले, त्यात भांड्याखालील नळीला इंग्रजी एस अक्षरासारखे वळण दिलेले होते. वळणाच्या खोलगट भागात नेहमी थोडे पाणी साचून राही आणि ते पाणीच दुर्गंधीला आडवे येई. आज जगातील जवळजवळ प्रत्येक शौचकूपात, मोरीत आणि हात धुण्याच्या भांड्यात हाच जलबंद आहे. तीन वर्षांनी, १७७८ मध्ये, जोसेफ ब्रामा याने कमिंगच्या सरकत्या झडपेऐवजी बिजागरीची झडप बसविली. ब्रामा हा मूळचा सुतार, आणि पुढे न उघडणाऱ्या कुलपांबद्दल त्याची मोठी ख्याती झाली. घड्याळजी आणि कुलूपकार यांनी मिळून घराच्या आतल्या बाजूस अशा रीतीने एक दार बसविले. परंतु दार कितीही भक्कम असले तरी त्याची चौकट भिंतीपासून सुटलेली असेल तर त्याचा उपयोग काय? वळणातील पाणी हे दार होते; भांडे आणि नळी यांच्यामधील सांधा, आणि त्यापुढील नळीचे सगळे सांधे, ही चौकट होती. त्या चौकटीकडे पुढील शंभर वर्षे पुरेसे लक्ष गेले नाही.

लंडनमध्ये १८१५ पर्यंत घरचा मैला रस्त्याच्या गटारात सोडण्यास मनाई होती. ती गटारे पावसाच्या पाण्यासाठी होती. त्यामुळे नव्या शौचकूपांचे पाणी जाई ते घराखालच्या किंवा अंगणातल्या विटांनी बांधलेल्या मैलाकुंडात. पूर्वी कोरड्या मैल्याने वर्षानुवर्षे न भरणारे कुंड आता पाण्याच्या लोंढ्याने लवकर भरू लागले, आणि विटांमधील चुना झिजून ते पाणी आजूबाजूच्या मातीत पाझरू लागले. त्याच मातीत सार्वजनिक विहिरी होत्या.

ह्या पाझराची सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत दारुण कथा ब्रॉड स्ट्रीटची होय. १८५४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ उसळली आणि तीत ६१६ माणसे मृत्युमुखी पडली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांच्या घरांची नोंद करून दाखवून दिले की त्यांतील बहुतेक घरे ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती गोळा होतात; आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. एवढी हकीकत पाठ्यपुस्तकांतही आढळते. पण पंपाच्या पाण्यात विष आले कोठून, हा प्रश्न त्या वेळी सुटला नव्हता. त्याच वर्षी विहीर तपासण्यात आली तेव्हा तिच्या बांधकामात दोष दिसला नाही. पुढे त्या वस्तीतील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांनी मृत्यूच्या नोंदी चाळल्या, तेव्हा पंपालगतच्या ४० क्रमांकाच्या घरात साथीच्या आरंभीच एक तान्हे मूल दगावल्याचे त्यांना आढळले. मुलाच्या आईने त्याची दुपटी धुऊन ते पाणी घरासमोरच्या कुंडात टाकले होते. मग १८५५ मध्ये ते कुंड उघडण्यात आले. आतील चुना पार निघून गेला होता, विटा हाताने उचलता येत होत्या, आणि कुंडापासून विहिरीपर्यंतचे अंतर तीन फुटांहूनही कमी होते. मधली माती मैल्याने भिजलेली होती. विहिरीच्या बाजूने पाहणाऱ्यांना जे दिसले नाही, ते कुंडाच्या बाजूने उघडल्याबरोबर दिसले. ६१६ जणांच्या मृत्यूचे मूळ विटांच्या निसटलेल्या सांध्यांत होते.

१८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीचा दुर्गंध पार्लमेंटच्या सभागृहात असह्य झाला आणि जोसेफ बॅझलगेट यांच्या भुयारी गटारांच्या योजनेला मंजुरी मिळाली. पुढील काही वर्षांत त्यांनी ८२ मैल लांबीची मुख्य गटारे बांधली. त्या कामात त्यांनी पोर्टलंड सिमेंटचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. हे सिमेंट पाण्यात विरत नाही, उलट पाण्यातच अधिक बळकट होते. पण त्याची प्रत थोडीही हलकी असली तर ते दगा देते. म्हणून येणाऱ्या सिमेंटची ताकद तपासून पाहण्याची कडक शिस्त बॅझलगेट आणि त्यांचे सहकारी यांनी घालून दिली. गटारे नदीच्या प्रवाहाखालच्या ठिकाणी जाऊन मिळू लागली, आणि पटकी लंडनमधून ओसरली.

मात्र ह्या सुधारणेने घरातील सांध्याचे महत्त्व कमी न होता वाढले. पूर्वी प्रत्येक घराची घाण त्या घराखाली राही. आता प्रत्येक घर एका नळीने साऱ्या शहराच्या गटाराशी जोडले गेले. जो सांधा सुटेल, त्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याच नव्हे, तर अवघ्या शहराच्या मैल्यावरून आलेली हवा आत येण्याची वाट मोकळी होई. ही भीती श्रीमंतांच्या घरात शिरली ती १८७१ मध्ये. त्या वर्षी युवराज एडवर्ड स्कारबरो येथील लाँड्सबरो लॉज ह्या घरी पाहुणे म्हणून राहून आले आणि नंतर विषमज्वराने अंथरुणास खिळले. त्यांच्याबरोबर तेथे राहिलेले अर्ल ऑफ चेस्टरफील्ड त्याच ज्वराने मरण पावले. युवराजांचे पिता प्रिन्स अल्बर्ट दहा वर्षांपूर्वी, १४ डिसेंबर १८६१ रोजी निवर्तले होते, आणि त्यांचा रोगही विषमज्वरच असल्याचे तेव्हा मानले गेले होते. नेमक्या त्याच तारखेच्या सुमारास पुत्राच्या दुखण्याला उतार पडला. पण लाँड्सबरो लॉजमधील सांडपाण्याच्या व्यवस्थेवर ठपका आला, आणि इंग्लंडातील उमरावांनी आपापल्या घरच्या जमिनी उकरून पाहण्यास प्रारंभ केला.

जे दिसले ते लाजिरवाणे होते. लीड्स येथील शल्यविशारद टी. प्रिजिन टील यांनी १८७८ मध्ये घरगुती आरोग्यदोषांवर एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. घराचा उभा छेद घेऊन, नळी कोठे तुटली आहे, सांधा कोठे उघडा आहे, सांडपाणी कोणत्या खोलीच्या जमिनीखाली मुरत आहे, हे त्यांनी चित्रांत दाखविले. वैद्याने औषधाची बाटली बाजूला ठेवून नळाच्या सांध्याची चित्रे काढावी, ही त्या काळी नवीन गोष्ट होती. एस. स्टीव्हन्स हेलियर ह्या अनुभवी नळकारागिराने १८७७ मध्ये आपल्या धंद्यावर ग्रंथ लिहून कामचुकार कारागिरीचा पंचनामा केला होता. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गटारातील वायूनेच विषमज्वर होतो, ही त्या पिढीची समजूत चुकीची होती. तो रोग एका जंतूमुळे होतो आणि मुख्यतः दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. समजूत चुकीची असली तरी तिने दाखविलेली जागा बरोबर होती. कारण ज्या फटीतून वायू येतो, त्याच फटीतून पाणीही पाझरते.

सांधे शोधून काढण्याच्या युक्त्याही त्याच काळात रूढ झाल्या. एका पद्धतीत नळीत दाट धूर भरीत आणि तो घरात कोठून निघतो ते पाहत. दुसरीत छपरावरील नळीच्या तोंडातून पेपरमिंटचे तेल आणि कढत पाणी ओतीत, आणि खाली प्रत्येक खोलीत एक माणूस वास घेत उभा राही. तेल ओतणाऱ्या माणसाला काम संपेपर्यंत घरात येण्याची बंदी असे, कारण त्याच्या हाताला आणि कपड्यांना लागलेल्या वासाने सारी परीक्षा फसली असती.

पण भांडे आणि नळी यांचा सांधा मुळात सुटतो का? ह्याचे कारण पदार्थांच्या स्वभावात आहे. त्या काळी नळी शिशाची असे आणि भांडे चिनी मातीचे. शिसे मऊ आणि लवचिक. उष्णतेने ते पसरते, भाराने खचते. चिनी माती कठीण आणि ठिसूळ. शिशाचा शिशाशी सांधा कारागीर डाक ओतून आणि कापडाने पुसून इतका एकजीव करी की नळी तुटेल पण सांधा सुटणार नाही. चिनी मातीला मात्र डाक धरत नाही. म्हणून शिशाच्या नळीचे तोंड जमिनीच्या पातळीला बाहेर दुमडून त्याची कडा पसरीत, तीवर सफेदा, शेंदूर आणि जवसाचे तेल यांचे लुकण थापीत, आणि वर भांडे दाबून ते स्क्रूंनी लाकडी जमिनीस आवळीत. लुकण ओले असेतो सारे ठीक चाले. काही वर्षांनी ते वाळून दगडासारखे होई. खालचे लाकूड ओलाव्याने फुगे आणि उन्हाळ्यात आकसे. माणूस बसताउठताना भांडे केसभर हले. तेवढ्याने लुकणाला चीर जाई. डल्टन यांच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी मातीच्या तोंडावर भाजतानाच धातूचा थर बसविण्याची युक्ती काढली. त्यामुळे भांडे आणि नळी डाकाने जोडता येऊ लागली. युक्ती चांगली होती, पण ती सर्वांना परवडण्यासारखी नव्हती.

याहून मोठी सुधारणा अगदी साधी होती. त्या काळातील शौचकूपाभोवती सागवानाची किंवा महोगनीची सुबक पेटी बांधण्याची चाल होती. घरात अशी वस्तू उघडी दिसू नये, ही त्यामागील सभ्यतेची कल्पना. त्या पेटीच्या अंधारात सांधा पाझरत राही, लाकूड कुजत राही, आणि खालच्या मजल्याच्या छतावर डाग उमटेपर्यंत कोणाला पत्ता लागत नसे. थॉमस ट्वायफर्ड यांनी १८८३ मध्ये आणि जॉर्ज जेनिंग्स यांच्या कारखान्याने १८८४ मध्ये संपूर्ण चिनी मातीचे, एकसंध आणि स्वतःच्या पायावर उभे राहणारे भांडे बाजारात आणले. त्याला पेटी लागत नसे. १८८४ च्या लंडनमधील आरोग्यप्रदर्शनात जेनिंग्स यांच्या भांड्यास सुवर्णपदक मिळाले. सांधा पूर्वीइतकाच सुटण्याजोगा होता, पण त्याच्याभोवतीची जमीन आता उघडी झाली. पाण्याचा थेंब जमिनीवर आला की घरच्या मोलकरणीच्याही ते ध्यानात येई. लाकडी पेटी गेली आणि त्याबरोबर रोगाला मिळणारा आडोसाही गेला.

अमेरिकेत हा प्रश्न निराळ्या वाटेने गेला. तेथील घरे बहुतांशी लाकडी. मैल्याची नळी भिंतीतून न जाता थेट जमिनीतून खाली जाई. तेथे नळीच्या तोंडाला धातूचे रुंद कडे जोडून ते जमिनीस पक्के करण्याची आणि कड्यातून वर आलेल्या दोन बोल्टांनी भांडे आवळण्याची पद्धत स्थिरावली. मधल्या जागेत लुकणाऐवजी मेणाची वळी बसविण्यात येऊ लागली. मेण वाळत नाही, पाण्यात विरघळत नाही, कुजत नाही, आणि भांड्याच्या वजनाने दाबले गेले की प्रत्येक खाचखळग्यात शिरते. त्यात दोष एकच. एकदा दबलेले मेण पुन्हा उसळून वर येत नाही. भांडे डगमगले, किंवा उचलून परत ठेवले, की जुनी वळी निरुपयोगी झाली. तेथे नवीच घालावी लागते. फरशीवर दुसरी फरशी बसवून जमीन उंच केली तर वळी भांड्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून जाणता कारागीर प्रथम भांड्याखाली पाचरी देऊन ते अचल करतो आणि मगच बोल्ट आवळतो; तोही दोन्ही बाजूंनी थोडाथोडा, कारण एका बाजूचा जोर अधिक झाला तर चिनी माती तडकते.

अमेरिकेतील नळकारागिरांत आजही एक वाद चालतो, आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाही. भांड्याचा पाया आणि फरशी यांमधील बाहेरची फट लुकणाने भरावी की मोकळी ठेवावी? तेथील बांधकामाचे नियम फट भरण्यास सांगतात. कारण मोकळ्या फटीत जमीन पुसतानाचे घाणेरडे पाणी शिरते आणि तेथे किडे व दुर्गंधी वाढतात. उलट पक्षाचे म्हणणे असे की फट चोहोकडून बुजविली तर आतील मेणाची वळी निकामी झाल्यावर पाणी बाहेर न येता जमिनीखाली मुरेल आणि लाकडी तुळया कुजतील. ह्यावर अनेक कारागिरांनी काढलेला तोडगा मार्मिक आहे. ते पुढून आणि दोन्ही बाजूंनी फट भरतात, आणि मागच्या बाजूस, जेथे पाय पडत नाही तेथे, दोन बोटांची जागा मोकळी सोडतात. पाणी गळलेच तर ते तेथून बाहेर येऊन वर्दी देते. मोहेंजोदडोच्या काढत्या झाकणांची आठवण ह्या दोन बोटांच्या जागेवरून व्हावी.

भारतात ह्या कथेला आणखी एक पदर आहे. येथील शहरांत मैला वाहून नेण्याचे काम दीर्घकाळ नळीने केले नाही. ते विशिष्ट जातींत जन्मलेल्या माणसांच्या डोक्यावर लादले गेले. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात ह्या कामासाठी घ्यावयाच्या पट्टीला हलालखोर कर असेच नाव होते. घराच्या मागील बोळातून टोपली उचलली जाई आणि घरातील माणसांना उचलणाऱ्याचे तोंडही दिसत नसे. दृष्टीआड सृष्टी, ही म्हण येथे अगदी कठोर अर्थाने खरी होती. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना अप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून अन्नत्याग केला, आणि येरवड्यास असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभिला. पुढे कणकवलीजवळील गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी, कोणाचाही हात न विटाळता मैल्याचे खत होईल अशा संडासाचे प्रयोग केले. १९५० नंतरच्या दशकात लखनौच्या नियोजन, संशोधन व कृती संस्थेने खेड्यांसाठी स्वस्त जलबंद शौचकूप तयार केला. १९७० पासून बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेने तांब्याभर पाण्याने धुतला जाणारा, दोन खड्ड्यांचा शौचकूप गावोगाव नेला. नेहमीच्या शौचकूपात जलबंदाची खोली सुमारे ५० मिलिमीटर असते. ह्या शौचकूपात ती २० मिलिमीटर ठेवली, म्हणजे दीडदोन लिटर पाणी पुरे होते. कमिंगच्या वळणाने येथे दुर्गंधी तर अडविलीच. शिवाय जेथे ते खरोखर बसविले गेले, तेथे एका माणसाच्या डोक्यावरची टोपलीही उतरविली. हाताने मैला साफ करविण्याच्या प्रथेस १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी बंदी घातली आहे. पण तुंबलेल्या गटारात माणूस उतरविला गेल्याच्या आणि तो गुदमरून मेल्याच्या बातम्या अजूनही येतात. नळी जेथे फुटते किंवा तुंबते, तेथे जुनी प्रथा पुन्हा डोके वर काढते.

आपल्याकडील बैठ्या भांड्याचा सांधा तर विलायती भांड्याहूनही अधिक झाकलेला. मुंबई-पुण्याच्या इमारतींत शौचालयाची स्लॅब फूट-दीड फूट खाली घेतात, तीत भांडे आणि त्याखालचे वळण बसवितात, विटांच्या तुकड्यांचा भराव घालून वर कोबा करतात आणि फरशी लावतात. भांडे आणि वळण यांचा सांधा सिमेंटचा; तो भरावात कायमचा गाडला जातो. कोबा करण्यापूर्वी खळग्यात पाणी साठवून ते काही दिवस तसेच ठेवावे आणि खालून ओल येते का ते पाहावे, हा नियम जुन्या गवंड्यांना ठाऊक आहे; घाईत तो पुष्कळदा वगळला जातो. मग सांधा सुटला की पाणी भरावात साचते, उताराने कोठेतरी जाते आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर भलत्याच जागी प्रकट होते. गिलावा फुगतो, लोखंडी सळ्या गंजतात. वरच्याला आपल्या घरात थेंबही दिसत नाही, आणि खालच्याला थेंबाखेरीज काही दिसत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांतील कितीएक भांडणांचे मूळ हेच आहे. महाराष्ट्रातील संस्थांच्या आदर्श उपविधींत शौचालय आणि मोरी यांतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी सोसावा असे म्हटले आहे. खर्च कोणाचा हे नियम सांगतो. गळती कोठे आहे हे मात्र फरशी फोडल्याशिवाय कळत नाही.

ह्या साऱ्याला भूतकाळाची गोष्ट समजणाऱ्यांना २००३ साली हाँगकाँगने जागे केले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात अमॉय गार्डन्स ह्या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स रोगाने तीनशेहून अधिक माणसांना गाठले आणि चाळीसहून अधिक दगावली. एकमेकांना कधीही न भेटलेली, वेगवेगळ्या मजल्यांवरची माणसे आजारी पडत होती. तपासात असे दिसले की न्हाणीघराच्या जमिनीतील मोऱ्यांच्या वळणांत पाणीच राहिलेले नव्हते. रहिवासी जमीन धुण्याऐवजी नुसती पुसून घेत. त्यामुळे जलबंद सुकून गेले होते. पंखा लावला की खालच्या सामाईक नळीतील दूषित तुषार त्या कोरड्या मोरीतून खोलीत ओढले जात. शिवाय एका मजल्यावर हवेच्या नळीला चीर गेलेली आढळली. दोनशे अठ्ठावीस वर्षांपूर्वी कमिंगने साठविलेले घोटभर पाणी तेवढे जागेवर नव्हते.

आपल्याकडील मोरीच्या अशाच वळणाला बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही नहाणी ट्रॅप म्हणतात. मराठी घरातील न्हाणीचा शब्द त्या निमित्ताने अभियंत्यांच्या परिभाषेत साऱ्या भारतभर पोहोचला आहे. जमिनीवर सढळ हाताने पाणी ओतण्याची आपली सवय त्या वळणाला आपोआप भरून ठेवते. घर महिना-दोन महिने बंद राहिले की तेही सुकते. गावाहून परतलेल्या माणसाला कुलूप उघडताच जो उग्र वास येतो, तो तेथूनच येतो. अशा वेळी मोरीत तांब्याभर पाणी ओतण्यापलीकडे दुसरे काही करावे लागत नाही. शौचकूपाच्या भांड्याखालच्या सांध्याची पाहणी एवढी सोपी नसली तरी फार अवघड नाही. भांडे हलते का, पायाशी ओल येते का, खालच्या घरच्या छतावर रंग पालटला आहे का, एवढे अधूनमधून पाहावे; आणि नवे काम करवून घेताना, फरशी लागण्यापूर्वी, सांधा उघडा असतानाच तो पाण्याने तपासून घ्यावा. ब्रॉड स्ट्रीटचे कुंड साथ येण्यापूर्वी कोणी उघडून पाहिले असते, तर त्या सैल विटा तेव्हाही दिसल्या असत्या.